टपालाच्या थैलीपासून प्रवासी विमानापर्यंत

तासगावहून सांगलीला जाताना कवलापूरची जुनी धावपट्टी लागते. ती पाहून वैमानिक व्हायचं ठरवणाऱ्या मुलांना छोट्या मालवाहू विमानांची वाटही माहीत असावी.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. बारामती, गोंदिया, शिरपूर इथे त्याचं शिक्षण मिळतं. अमेरिकेत हा परवाना साधारण 250 तासांना मिळतो, पण प्रवासी कंपन्यांसाठी सहसा 1500 तास लागतात. मधले तास अनेक तरुण सेस्ना कॅरॅव्हॅनसारख्या एका इंजिनाच्या विमानातून पार्सलं वाहून भरतात. बहुधा वैमानिक एकटाच असतो. ढग ओळखणं, इंधनाचा हिशेब, माघारी फिरण्याचा निर्णय, सगळं त्याच्यावर. ही शिकवण आयुष्यभर पुरते.

आपल्याकडे ही पायरी अरुंद आहे. बहुतेक जण मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घेऊन थेट सहवैमानिक होतात. पण आपल्या हवाई वाहतुकीची सुरुवात अशाच विमानाने झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. माल वाहणं कमीपणाचं नाही, हे त्या उड्डाणाने केव्हाच दाखवून दिलं आहे.