युद्धाचा हुकूम मंगळ देत नाही

जगात कुठेही तोफा धडाडल्या किंवा एखादे सरकार कोसळले, की दोन दिवसांत त्या देशाची कुंडली हातोहात फिरू लागते. अमुक देशाला साडेसाती, तमुक राष्ट्राध्यक्षाच्या अष्टमात मंगळ, शनी-प्लूटो एकत्र आले म्हणून महासाथ, शनी-नेपच्यून जवळ आले म्हणून राजवटीचा अंत. अलीकडे याला एक उपदेशही जोडला जातो: वर्तमानपत्रे विकली गेली आहेत, तज्ज्ञ खोटे बोलतात, तेव्हा ग्रहांचे संकेत पाहा आणि आपल्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवा. व्यक्तीच्या राशिभविष्याकडे करमणूक म्हणून पाहणारे सुशिक्षित लोकही राष्ट्राच्या कुंडलीचा विषय निघाला की गंभीर होतात. 'यात काहीतरी असणारच' हे वाक्य इतक्या वेळा कानी पडते, की त्याचा एकदा नीट हिशेब मांडायला हवा.

पहिला प्रश्न साधा आहे. कुंडलीला जन्मवेळ आणि जन्मस्थळ लागते. देशाची जन्मवेळ कोणती? भारताची 15 ऑगस्ट 1947 ची मध्यरात्र धरायची, की राज्यघटना अमलात आली ती 26 जानेवारी 1950 ही तारीख? अमेरिकेची 4 जुलै 1776 धरावी, तर स्वातंत्र्याचा ठराव 2 जुलैलाच मंजूर झाला होता आणि संघराज्याचे सरकार 1789 मध्ये सुरू झाले. स्थळाचा घोळ याहून मोठा. लग्नरास सरासरी दोन तासांत बदलते आणि गुजरातच्या पश्चिम टोकाला सूर्य अरुणाचलापेक्षा जवळजवळ दोन तास उशिरा उगवतो. म्हणजे एकाच क्षणी या देशाच्या दोन टोकांना लग्ने बहुधा वेगळी असतात. मग दिल्लीचेच लग्न सगळ्या देशाचे का? आणि राशी तरी कोणत्या? 15 ऑगस्टचा सूर्य पाश्चात्त्य सायन पद्धतीत सिंह राशीत असतो. दाते पंचांगाच्या चित्रापक्षीय गणिताने 1947 च्या त्या मध्यरात्री तो कर्केच्या शेवटच्या अंशांत होता. टिळक पंचांग ज्या रैवत पक्षाने चालते, तिथे आरंभबिंदूच सुमारे 4 अंशांनी वेगळा असल्याने तोच सूर्य सिंहेत जातो. महाराष्ट्रातल्याच दोन प्रतिष्ठित पंचांगांच्या गणिताने मांडलेल्या स्वतंत्र भारताच्या कुंडलीत सूर्याची रास जुळत नाही. आकाश एकच, वेळ एकच, तरी फळे सांगायला दोन सूर्य. यातला खरा कोणता हे ठरवण्याची एकही सर्वमान्य कसोटी ज्योतिषाकडे नाही.

वेळ आणि स्थळ यांचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. निसर्गाने जणू प्रयोगच करून ठेवावा अशी एक जोडी आपल्यासमोर आहे. 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने भारत आणि पाकिस्तान ही दोन डोमिनियन एकाच दिवसापासून, 15 ऑगस्टपासून, अस्तित्वात आणली. पाकिस्तानने 14 ऑगस्ट पाळायला सुरुवात केली ती 1948 पासून. ग्रह दोघांच्या कुंडलीत त्याच राशींत आहेत, फरक फार तर लग्नाचा. पुढे काय झाले? भारतात 1951-52 मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. पाकिस्तानात 1958 मध्ये लष्करी कायदा आला आणि पहिली थेट सार्वत्रिक निवडणूक व्हायला डिसेंबर 1970 उजाडला. वर्षभरात देशाचे दोन तुकडे झाले. हा फरक लग्नाच्या काही अंशांनी पडला म्हणणाऱ्याने पक्षसंघटना, लष्कराचे स्थान, घटना लिहायला लागलेला वेळ आणि बंगाली भाषकांवरचा अन्याय या सगळ्यांकडे डोळेझाक केलेली असते.

'मुहूर्त नीट पाहिला असता तर' असे म्हणणाऱ्यांसाठी ब्रह्मदेशाचे उदाहरण आहे. आपली तारीख माउंटबॅटन यांनी निवडली आणि जपानच्या शरणागतीचा वर्धापनदिन म्हणून ती सुचल्याचे त्यांनी नंतर सांगितले. ब्रह्मदेशाने मात्र ज्योतिषांना विचारून 4 जानेवारी 1948, पहाटे 4 वाजून 20 मिनिटे हा मुहूर्त काढला. काही महिन्यांत कम्युनिस्टांचे बंड सुरू झाले, 1949 मध्ये करेन बंडखोरी पेटली, 1962 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्या लष्करशहा ने विन यांच्या काळात 1987 मध्ये चलनातल्या मोठ्या नोटा रातोरात रद्द झाल्या आणि 45 व 90 क्यातच्या नोटा आल्या, कारण त्यांना नऊ हा अंक शुभ वाटत असे. लोकांची आयुष्यभराची बचत कागद झाली आणि पुढच्याच वर्षी देश रस्त्यावर उतरला. श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी मुदतीच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, ज्योतिषाच्या सल्ल्याने, 8 जानेवारी 2015 ही निवडणुकीची तारीख घेतली आणि ते हरले. त्यांच्याच मंत्रिमंडळातून फुटलेले सिरिसेना विरोधकांचे उमेदवार झाले होते आणि तमिळ व मुस्लिम मतदार एकवटले होते. हे दिसायला कुंडली लागत नव्हती.

ग्रहांच्या गर्दीची भीती तर याहून जुनी आहे. सप्टेंबर 1186 मध्ये ग्रह तूळ राशीत जमणार म्हणून प्रलयंकारी वाऱ्यांचा इशारा देणारी पत्रे युरोपभर फिरली. वारे आले नाहीत. फेब्रुवारी 1524 मध्ये मीनेतल्या युतींवरून महापुराचे भाकीत झाले आणि त्यावर शंभराहून अधिक पुस्तिका छापल्या गेल्या. महापूर आला नाही. फेब्रुवारी 1962 मध्ये मकरेत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा भारतभर यज्ञ झाले, लोकांनी जगबुडीची धास्ती घेतली आणि 6 फेब्रुवारी नेहमीसारखा उजाडला. आजही सांगितले जाते की त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले ना! आक्रमण झाले 20 ऑक्टोबरला, आठ महिन्यांनी, आणि भाकीत जगाच्या अंताचे होते, हिमालयातल्या युद्धाचे नव्हते. अक्साई चीनमधला रस्ता, तिबेटमधला उठाव, दलाई लामांचे 1959 मध्ये भारतात येणे, सीमेवरच्या पुढे सरकवलेल्या चौक्या या साऱ्या गोष्टी वर्तमानपत्रांत छापून येत होत्या. घटना घडल्यावर तिला मागे जाऊन ग्रह चिकटवणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढणे. 1524 च्या बाबतीतही पूर आला नाही म्हटल्यावर त्या सुमाराच्या शेतकरी उठावाकडे बोट दाखवण्यात आले.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की काही भाकिते तर खरी ठरली. ठरली, हे मान्य करायला हवे. कार्ल अर्न्स्ट क्राफ्ट या ज्योतिषाने 7 ते 10 नोव्हेंबर 1939 या दिवसांत हिटलरच्या जिवाला धोका असल्याचे आधी लिहून कळवले होते आणि 8 तारखेला म्युनिकच्या सभागृहात हिटलरला मारण्यासाठी एल्सर याने ठेवलेला बॉम्ब फुटला. फ्रेंच ज्योतिषी आंद्रे बार्बो यांनी शनी-नेपच्यून युतीवरून 1989 हे वर्ष सोव्हिएत साम्यवादाला महत्त्वाचे ठरेल असे फार आधी लिहिले होते. पण याच बार्बो यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला महायुद्धाची शक्यता वर्तवली होती, ते झाले नाही. ब्रिटनमधले लोकप्रिय वृत्तपत्री ज्योतिषी 1939 च्या उन्हाळ्यात युद्ध होणार नाही अशी ग्वाही देत होते. हजार ज्योतिषांनी वर्षातल्या 52 आठवड्यांपैकी मनाला येईल तो एकेक आठवडा 'धोक्याचा' म्हणून निवडला, तर निव्वळ योगायोगाने सुमारे वीस जणांचा आठवडा बरोबर निघेल. आपल्याला आठवतात ते वीस. उरलेल्या नऊशे ऐंशींचे कागद कोणी जपून ठेवत नाही. म्हणून निवडक किस्से मोजायचे नसतात, सगळी भाकिते मोजायची असतात. तशी मोजणी पुण्यात झाली आहे. जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह 100 हुशार आणि 100 बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. उत्तरे पाठवणाऱ्या 27 जणांचे यश सरासरी 46 टक्के भरले. सर्व 200 कुंडल्या तपासणाऱ्या एका संस्थेची 102 उत्तरे बरोबर आली. 'करंट सायन्स'मध्ये 2009 साली हा निष्कर्ष छापला गेला. नाणे उडवले असते तरी हेच हाती आले असते. एका मुलाबद्दलचा इतका ढोबळ फरक ज्या विद्येला ओळखता येत नाही, तिने कोट्यवधींच्या देशाचे भवितव्य सांगावे, हा आग्रह कशाच्या जोरावर?

दुसरा आक्षेप: राजकीय तज्ज्ञही चुकतातच की. चुकतात, आणि किती चुकतात तेही मोजले गेले आहे. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी 284 तज्ज्ञांची 82,000 हून अधिक भाकिते सुमारे वीस वर्षे नोंदवली आणि 2005 मध्ये दाखवून दिले, की दूरच्या भविष्याबद्दल नामवंतांचे अंदाज यदृच्छेपेक्षा फारसे सरस नसतात. एकाच मोठ्या सिद्धान्ताला चिकटून बसणारे तर अधिकच चुकतात. पण यातून ज्योतिषाची बाजू बळकट होत नाही. ही तपासणी शक्य झाली, कारण भाकिते तारखेसह आणि शक्यतेच्या टक्क्यांसह लिहून घेतली होती. त्याच पद्धतीतून पुढे हेही कळले, की नवी माहिती मिळताच अंदाज थोडा थोडा बदलणारे, स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवणारे सामान्य लोक खरोखर बरे अंदाज करू शकतात. चूक मान्य करण्याची व्यवस्था असेल तिथे सुधारणा होते. 'ग्रहांचा प्रभाव सूक्ष्म असतो', 'उपाय केल्यामुळे टळले' असे म्हणत राहिल्यास ती कधीच होणार नाही.

आता आतल्या आवाजाकडे येऊ, कारण हा गैरसमज अधिक मोहक आहे. एखादे भाकीत मनाला भिडले, म्हणजे ते खरे, असे सांगितले जाते. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना 'खास तुमच्यासाठी' म्हणून स्वभाववर्णन दिले आणि ते किती जुळते यावर 5 पैकी गुण मागितले. सरासरी 4.26 आली. प्रत्यक्षात सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. भिडणे ही आपल्या मनाची बातमी आहे, जगाची नव्हे. अंतःप्रेरणा मुळीच टाकाऊ नसते. डॅनिएल कानमन आणि गॅरी क्लाइन या परस्परविरोधी विचारांच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये एकत्र बसून तिच्या मर्यादा आखल्या: परिस्थितीत नियमितपणा हवा, आणि आपण बरोबर की चूक हे लवकर व पुन्हा पुन्हा कळायला हवे. अनुभवी अग्निशामकाला किंवा बुद्धिबळपटूला हे दोन्ही मिळते. युद्धे, सत्तांतरे आणि तेलाच्या किमती यांच्याबाबतीत घरबसल्या आपल्याला यातले काहीच मिळत नाही.

मग गांधीजींचा आतला आवाज? 8 मे 1933 रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी 21 दिवसांचे उपोषण सुरू केले, ते याच आवाजाच्या आधारावर. पण त्या आवाजाने त्यांना उद्या काय होणार हे सांगितले नव्हते. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर आपण काय करायला हवे ते सांगितले होते. असा दावा करण्याआधी दीर्घ संयम आणि साधना हवी, हेही ते बजावत. सदसद्विवेकाचा अधिकार कर्तव्यापुरता आहे आणि तिथे तो सर्वोच्च आहे. कोणत्या सीमेवर सैन्य हलले, कोणत्या बँकेत खडखडाट आहे, हे कळायला मात्र बातमीदार, नोंदी आणि पुरावेच लागतात.

आणखी काही समजुती, थोडक्यात.

नॉस्ट्रॅडॅमसने हिटलरचे नाव लिहिले होते: त्याच्या ओळींतले 'हिस्टर' हे डॅन्यूब नदीच्या खालच्या प्रवाहाचे जुने नाव आहे.

बाबा वांगाने सगळे सांगून ठेवले: 1996 मध्ये वारलेल्या या बल्गेरियन भविष्यवेत्त्या बाईंनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ नाही, जे फिरते ते इतरांनी सांगितलेले.

चंद्राने समुद्राला भरती येते, मग माणसाला का नाही: भरती पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या ओढीतल्या फरकामुळे येते, माणसाच्या उंचीएवढ्या अंतरात तो फरक नगण्य असतो.

ग्रहण अचूक वर्तवता येते, म्हणून फलितही अचूक: ग्रहणाचे गणित खगोलशास्त्राचे आहे, फलिताला त्यातून काहीही वारसा मिळत नाही.

रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्येही ज्योतिषी होती: होती, 1981 च्या गोळीबारानंतर धास्तावलेल्या नॅन्सी रेगन तिला वेळापत्रकासाठी विचारत, भीतीने पुरावा तयार होत नाही.

शेवटचा बचाव असा, की आम्ही भाकीत करत नाही, ग्रह ही केवळ प्रतीकांची भाषा आहे. मग कोण जिंकेल, कोणते सरकार कधी पडेल हे सांगणे थांबवावे. माझा खरा आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. मंगळामुळे युद्ध झाले असे म्हटले, की हुकूम देणारा माणूस दिसेनासा होतो. शनीमुळे महागाई झाली म्हटले, की अर्थसंकल्पाला प्रश्न विचारावासा वाटत नाही. राजपक्षे किंवा ने विन यांच्या निर्णयांना ग्रह जबाबदार नव्हते. ते निर्णय माणसांचे होते, त्यांची किंमत माणसांनीच मोजली आणि त्यांना जाब विचारण्याचा हक्कही माणसांचाच आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणी देशाचे भविष्य सांगू लागले, तर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: नेमके काय होणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते न झाल्यास तुम्ही चुकलात हे कशावरून मानायचे. ज्योतिषी, प्राध्यापक, दूरचित्रवाणीवरचे निवृत्त सेनाधिकारी, सर्वांना हाच नियम लावावा. आणि आपला आतला आवाज, तो जपून ठेवावा त्या कामासाठी ज्यात त्याच्याइतका समर्थ दुसरा कोणी नाही: अन्याय ओळखल्यावर त्याविरुद्ध उभे राहायचे की नाही, हे ठरवण्यासाठी.