मुलगी मैदानात लवकर का थकते?

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू 199 किलो वजन उचलून चौथी आली. कांस्यपदक एका किलोने हुकलं. नंतर ती कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाली, पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा वाटत होता.

आमच्या वेळणेश्वरकडे हे वाक्य मुलगी अम्मीजवळसुद्धा हळूच बोलते. सहावीपर्यंत कबड्डीत चढाईला सगळ्यांच्या पुढे असलेली पोरगी आठवीत "मॅडम, पोट दुखतंय" म्हणत कडेला बसते आणि आपण म्हणतो, खेळातून मन उडालं. मन उडालेलं नसतं हो, बहुतेक वेळा रक्त कमी असतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन स्नायूंना प्राणवायू पोचवतं, आणि ते बनायला लोह लागतं. पाळीत दर महिन्याला लोह जातं. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका यात निघाल्या. अशी मुलगी सराव कितीही करो, सामन्याच्या शेवटी तिचे पाय जड होणारच. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुली गुपचूप फेकतात, कारण मळमळतं. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौच काळी झाली तरी घाबरू नये. कलेजी, मासे, पालेभाजी, वर लिंबू पिळायचं. जेवणाबरोबरचा चहा मात्र बंद, तो लोह अंगी लागू देत नाही.

आणखी एक. जास्त सराव आणि कमी खाणं यामुळे पाळी थांबली तर "बरं झालं, कटकट गेली" असं समजू नका. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याला धोक्याची खूण मानलंय. हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवा.

हजरत आयशा (र.) यांनी हुजूर (स.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण सगळे सांगतो. मग सेहतीच्या बोलण्यात शरम कसली? हैजच्या दिवसांत रोजा माफ आहे, कजा नंतर करायची. तरी अब्बा-भाईंना कळेल म्हणून कितीतरी मुली रमजानमध्ये दिवसभर उपाशी राहतात, पाणीही पीत नाहीत. अम्मींनो, त्या दिवसांत तिच्यासाठी एक ताट झाकून ठेवा आणि जेवताना तिच्याजवळ बसा.