पस्तिसाव्या भागातली धूळ

सकाळी ६.००
परभणी, मे महिना. दुपारी पारा बेचाळिसाला टेकतो, म्हणून रंगाचं काम पहाटेच. फोटो स्टुडिओच्या मागची खोली, खिडकी उघडी. स्टुडिओवाला मॉडेल रंगवतोय, मी बघतोय. टेबलावर वीतभर लांबीचा सेंच्युरियन रणगाडा. खरा एक्कावन्न टनांच्या आसपास. हा प्लास्टिकचा, पस्तिसाव्या भागाचा. हिरवा रंग आधीच मारून झालाय. कोराकरकरीत दिसतो. आज तो राबलेला दिसायला हवा.

ऑर्डर एका निवृत्त रिसालदारांची. त्यांना फॅमागुस्टा हवाय. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल या रणगाड्यात लढताना गेले. वय 21. मरणोत्तर परमवीर चक्र. खरा फॅमागुस्टा अहिल्यानगरला लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटरमध्ये जपलेला आहे. रिसालदारांची अट एकच: गोळा लागायच्या आधीचा करा.

६.४५
तपकिरी तैलरंग मिरीएवढा, टर्पेंटाइन झाकणभर. शून्य नंबरचा ब्रश बोल्टच्या कडेला नुसता टेकवायचा. रंग आपणच फटीत धावतो. अर्ध्या तासाने जास्तीचा रंग चपट्या ब्रशने टिपायचा, वरून खाली. पावसाचं पाणी ओघळतं त्याच दिशेने.

८.१५
भांडी घासायचा स्पंज, दहा रुपये. त्याचा कपचा चिमट्यात धरून गडद करड्या रंगात बुडवला, कागदावर टिपला, मग रणगाड्याच्या कडांवर हलकेच टेकवला. रंग उडाल्यासारखे ठिपके उठतात. त्याचा पुतण्या शेजारी बसलाय.

"काका, इथं बी मारू का?"

"तिथं कोण चढतंय? राहू दे."

आत चार माणसं: कमांडर, गनर, लोडर, चालक. ती जिथे पाय देतात, हात टेकतात, तिथेच रंग झिजतो. झाकणांच्या कडा, पुढचा उतार, बाजूच्या पत्र्यांचे कोपरे. नवखे लोक सगळीकडे लाल गंज फासतात. चालत्या रणगाड्याच्या जाड पोलादावर एवढा गंज कुठून येणार? तो मागच्या सायलेन्सरवर येतो. तिथला पत्रा पातळ आणि रोज तापणारा. लाल-तपकिरी रंग फक्त तिथे लागला.

साखळपट्ट्यांना 6B पेन्सिल. जमिनीला घासणारा भाग शिसं चोळलं की पोलादासारखा चमकतो.

१०.००
दुकान उघडलं. पासपोर्ट फोटोंना गिऱ्हाईक. आठ प्रतींचे ऐंशी रुपये. पोटाचं काम हे.

११.३०
आता धूळ. शहराबाहेर पडलं की कापसाची काळी माती फुकट मिळते. पण ती इथे चालत नाही. बसंतरची लढाई झाली तो शकरगढचा भाग रावीच्या खोऱ्यातला, गाळाचा; माती फिकट. त्याने चुलीतली राख, पिवळी माती आणि चिमूटभर गेरू मलमलीतून गाळून घेतला. थोडी भुकटी पाणी आणि फेविकॉलमध्ये कालवून चाकांत भरली. तो चिखल. उरलेली कोरडीच, मऊ ब्रशने, खालून वर विरळ होत गेलेली. तोफेच्या नळीवर जवळजवळ नाहीच. मला दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच वाटलं. हात दर वेळी आणखी थोडी धूळ घ्यायला जातो, आणि त्याला थांबवावं लागतं.

१.००
शटर अर्धं खाली. भाकरी, पिठलं, झोप.

४.३०
फोटो. पंखा बंद, नाहीतर भुकटी उडते. घामाचा थेंब मॉडेलवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल. मागे फिकट निळा कार्डशीट. दोन एलईडी दिव्यांपुढे बटर पेपर, म्हणजे सावली मऊ पडते.

कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून टेबलावर, पुस्तकाला टेकवून ठेवला. साडेपाच फुटी माणूस पस्तिसाव्या भागात पाच सेंटीमीटरही भरत नाही. भिंगाचा मध्य तेवढ्याच उंचीवर आला की रणगाडा अंगावर येतो. वरून काढला की खेळणं.

एफ १६, आयएसओ १००, शटर दोन सेकंद. बटण बोटाने दाबायचं नाही, टायमर. आधी नळीच्या टोकावर फोकस, मग टरेटवर, मग मागच्या सायलेन्सरवर. नंतर संगणकावर तिन्ही जोडायचे.

५.२०
वीज गेली. आली पावणेसहाला. दिवे जागचे हलले नव्हते, पण हवा खेळावी म्हणून पडदा सरकवला होता; उजेड बदलला. पुन्हा पहिल्यापासून.

७.३०
फोटो रिसालदारांना गेले. दहा मिनिटांत फोन.

"अहो, चालकाच्या झाकणाजवळची झीज बरोबर आलीय. पण पाण्याचे डबे कुठायत? मागं बांधलेले असायचे आमचे."

"लावतो साहेब. दोन दिवस द्या."

किट चार हजारांचं, रंग-ब्रश धरून पाच. मजुरीचे तीन हजार ठरलेत. डब्यांचे वेगळे मागायचे नाहीत, असं त्याने फोन ठेवतानाच ठरवलं. लग्नाच्या एका शूटिंगला याहून जास्त मिळतात. उद्या सेलूला आहेच एक. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि तो डब्यांसाठी प्लास्टिकचा तुकडा शोधू लागला.