पॅनची ग्लँड आणि सभासदाचा ऊस



मागील गळीत हंगामात एके दिवशी पॅनची ग्लँड गेली आणि गव्हाण थांबली. गाड्यांची रांग वाढत चालली. एका सभासदाने आम्हाला रागाने विचारले, "साहेब, बोटभर फटीपायी अख्खा कारखाना थांबवता?" प्रश्न रास्त होता. आमचे काम शेतातले, तरी पॅनवरच्या मंडळींकडून समजून घेऊन उत्तर देत आहोत.

गुळासारखा उघड्या कढईत पाक आटवला तर तापमान शंभर अंशांवर जाते, रंग बिघडतो आणि साखर वाया जाते. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने १८१३ साली बंद भांड्यातली हवा काढून पाक कमी उष्णतेवर उकळण्याचे पेटंट घेतले. आपले पॅन त्याच तत्त्वावर चालतात. आत २५-२६ इंच व्हॅक्यूम असले की पाक ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो.

पाकातून निघालेल्या वाफेचे कंडेन्सरमध्ये पाणी होते. हवेचे होत नाही, ती पंपानेच ओढावी लागते. फटीतून हवा शिरत राहिली की पंप कमी पडतो. व्हॅक्यूम २६ वरून २२ इंचांवर आले तर उकळण्याचे तापमान सुमारे १५ अंशांनी चढते. पाक उशिरा शिजतो, मागे रस तुंबतो आणि शेवटी गव्हाण थांबते. फट पॅनला, घट मात्र आपल्या उसाला!

आता फट पडते कोठे? जाड पत्रा सहसा दगा देत नाही. दगा देते ती भिंतीतून काही आरपार नेण्याची जागा. ज्या पॅनला ढवळणी आहे, तिचा दांडा बाहेरच्या मोटारीवर फिरतो. तो आत शिरतो तेथे दोरीचे पॅकिंग भरून ग्लँड आवळतात. सैल राहिली तर हवा शिरते, फार आवळली तर दांडा तापून झिजतो. पॅनमन नमुना काढतो ती प्रूफ स्टिक म्हणजे खाच पाडलेला दांडा. तो आपल्या नळीत घट्ट बसतो, म्हणून खाचेतला पाक बाहेर येतो, पण हवा आत जात नाही. थर्मामीटरसाठी बूड बंद असलेली नळी बसवतात. दिवा तर बाहेरच असतो, उजेड तेवढा काचेतून आत जातो.

वीज आत न्यायची तर काम आणखी नाजूक. शेतकरी सहलीत आम्ही भामरागडजवळच्या हेमलकशाला गेलो, तेव्हा हा विचार मनात आला. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. सुरुवातीच्या काळात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया रुग्णांवर कंदिलाच्या उजेडात उपचार केले. कंदिलाला हवा लागते. तारेच्या बल्बचे उलटे, हवा शिरली की आतली तार जळालीच. बल्बच्या काचेतून तारा आत जातात तेथे तापल्यावर काच आणि धातू सारखेच फुगले पाहिजेत, नाहीतर तडा जातो. म्हणून एडिसनने १८७९ च्या बल्बात प्लॅटिनम वापरले. पुढे लोखंड-निकेलवर तांब्याचा थर दिलेली स्वस्त तार आली.

मोडलेले हाड दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राच्या नळीतही पोकळीच असते. मोठ्या यंत्रात तिच्यातली चकती वेगाने फिरवावी लागते. तेथे दांड्यासाठी भोकच ठेवत नाहीत. मोटारीचे वेटोळे काचेबाहेर, फिरणारा भाग आत, मध्ये फक्त चुंबकाचा जोर.

पॅनला ग्लँडशिवाय भागत नाही, म्हणून ती जपावी लागते. हंगामापूर्वी पॅन बंद करून व्हॅक्यूम धरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. जोडाशी मेणबत्ती धरली की ज्योत फटीकडे ओढली जाते. ही तपासणी सभासदांनी जरूर येऊन पाहावी.

आणि एक विनंती. पॅन थांबल्याचा निरोप आला तर नवी तोड लगेच थांबवावी. उभा ऊस वाट पाहतो, तोडलेला सुकतो.