काकांचा ट्रॅक्टर आणि एक वॉशर

पेरणी तोंडावर आली आणि काकांचा जुना ट्रॅक्टर अडून बसला. सुरू व्हायचा, पाच मिनिटांत बंद. मेकॅनिकने पंप उघडायचा खर्च सांगितला, तसे काका ट्रॅक्टर विकायलाच निघाले. रविवारी मी साकेत नगरहून सीहोरजवळच्या शेतावर गेलो.

डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्राइमर मारला, तर डिझेलबरोबर बुडबुडे! ते थांबेपर्यंत हवा काढली, स्क्रू आवळला. ट्रॅक्टर सुरू झाला, पुन्हा बंद.

काका खाटेवरून म्हणाले, "अरे, टाकीपासून फीड पंपापर्यंत बघ. तिथे पंप डिझेल ओढतो. फटीतून हवा आत जाते, डिझेल बाहेर गळेलच असं नाही."

बुदनीला १९५५पासून ट्रॅक्टरचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. काका तरुणपणी तिथे शिकलेले. आता हात थरथरतात, म्हणून त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा.

पाइपच्या जोडातला तांब्याचा वॉशर चेपला होता. तो बदलला, पुन्हा हवा काढली. ट्रॅक्टर दिवसभर चालला.

हे काम करताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. तो कातडीत शिरतो.

ट्रॅक्टर विकायचा विषय काकांनी पुन्हा काढलेला नाही.