खिम्याचं मशीन घेताय? आधी हे वाचा!

रविवार म्हटला की मटणाच्या दुकानापुढे रांग आलीच. सावंगी (मेघे)सारख्या गावात तर विचारूच नका. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि मेडिकल कॉलेजमुळे इथं शिकणारी मुलं, नर्सेस, पेशंटचे नातेवाईक यांची सतत वर्दळ. घरगुती डबे करणाऱ्या बायकांना त्यामुळे चार पैसे मिळतात. सावजी रश्शाच्या जोडीला कुणी खिमा-पोळी मागतं, कुणी कबाब. मग वाटतं, खिम्याचं मशीन घरीच असलं तर? दुकानातल्या मशीनमधून आधी काय निघालं, ते कधी धुतलं, हे आपल्याला कुठं कळतं?

विचार चांगला आहे. पण मशीनच्या आधी त्यात काय घालायचं ते पक्कं करू या.

आपल्या जिल्ह्यात बोरचं जंगल आहे. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलालगतच्या गावांत रानडुकरं आणि रोही कपाशी-तुरीची नासधूस करतात. मग कधी तरी हळूच निरोप येतो, "वावरात डुक्कर पडलं, वाटा घेता का?" मैत्रिणींनो, इथं ठाम नाही म्हणायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. असं मांस विकत घेणं, घरात ठेवणं हाही गुन्हाच. कुंपणाच्या करंटनं मेलेला प्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता ठरतो. पिकांच्या नुकसानीपायी वनखात्यानं डुक्कर मारायची परवानगी दिली, तरी ती मांस घरी आणायची परवानगी नसते. वाटा आणणारा पुरुष असतो, पण पातेलं सापडतं ते आपल्या स्वयंपाकघरात! शिवाय रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. खिमा केला की त्या सगळ्या गोळ्यात मिसळतात. तेव्हा मशीन घ्यायचं ते भरवशाच्या दुकानातल्या बकऱ्याच्या आणि कोंबडीच्या मांसासाठीच.

आता खरेदीकडे वळू.

हाताचं की विजेचं? महिन्यातून दोन-तीनदा किलो-दीड किलो खिमा लागत असेल तर हाताचं मशीन पुरतं. वीज गेली तरी अडत नाही. या मशीनवर नंबर असतो. ८ नंबरची जाळी साधारण ६२ मिलिमीटर रुंद, १२ नंबरची ७० च्या आसपास. घरच्यासाठी ८ नंबर पुष्कळ झाला. डब्यांचा व्याप असेल तर १२ नंबर किंवा विजेचं मशीन बघा. विजेच्या मशीनवर मोठ्ठ्या अक्षरात छापलेल्या वॅटला भुलू नका. तो आकडा बरेचदा मोटर अडकल्यावरचा असतो. नेहमी चालताना किती वॅट लागतात ते विचारा. उलटं फिरवायचं बटण हवंच, आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे ना, तेही बघून घ्या.

ओट्याची कड मोजा. हाताचं मशीन कडेला स्क्रूनं कसावं लागतं. आपले ओटे बहुधा खालून भिंतीला धरून बांधलेले, स्क्रू लागणार कुठं? त्यासाठी कड बाहेर आलेलं मजबूत लाकडी टेबल लागतं. हे न बघता आणलेलं मशीन माळ्यावरच जातं.

धातू कोणता? बिडाचं मशीन स्वस्त आणि टिकाऊ, पण वरची कल्हई उडाली की गंजतं. अॅल्युमिनियम सोड्यानं काळं पडतं. परवडत असेल तर स्टीलचं घ्या. सगळे भाग सुटे होतात ना, हे दुकानातच उघडून पाहा.

पातं नीट बसवा. पात्याची सपाट बाजू जाळीकडे हवी. उलटं बसलं की मांस कापलं न जाता चेंगरतं आणि मशीनला उगाच दोष दिला जातो. शिरा-पडदे काढून टाका, नाही तर ते पात्याला गुंडाळतात. तुकडे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले तर खिमा मोकळा पडतो. कबाबाला बारीक जाळी, रश्शाच्या खिम्याला जाड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांस बोटानं ढकलायचं नाही! मशीनसोबत दट्ट्या मिळतो, तोच वापरायचा. विजेचं मशीन सुरू असताना कुणी हाक मारली तर आधी बटण बंद, मग मान वळवायची. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका. ओढणी, पदर, बांगड्या आवरून बसा. अडकलं तर प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका.

काम झाल्यावर शेवटी ब्रेडची एक स्लाइस फिरवा, उरलंसुरलं मांस बाहेर येतं. आधी गार पाण्यानं धुवा, कारण गरम पाण्यानं मांसाचा अंश चिकटून बसतो. मग साबण आणि कडकडीत पाणी. कोरडं पुसून बिडाच्या भागांना तेलाचं बोट लावून ठेवा. आणि हो, पुरण वाटायला हे मशीन वापरू नका. उपास-तापासाच्या घरात त्यावरून वाद नकोत, आणि आरोग्यालाही ते बरं नाही.

खिमा मटणापेक्षा लवकर नासतो. तुकड्यांच्या वरवर असलेले जंतू दळताना आतपर्यंत जातात. त्यामुळे खिमा त्याच दिवशी शिजवा. फ्रीजमध्येही एक-दोन दिवसांपेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ओट्यावर तासभरही ठेवू नका. कबाब वरून तांबूस झाला म्हणजे आतून शिजला असं नाही, एक फोडून बघाच. घरात गरोदर बाई असेल तर तिला कच्चा खिमा हाताळायला देऊ नका आणि अर्धकच्चा कबाब तर मुळीच नाही.

डब्यांचा व्यवसाय करणाऱ्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही करून घ्यावी. नोंदणी असली की मोठी ऑर्डर घेताना कचरायला होत नाही. मशीन हजाराचं असो की दहा हजारांचं, गिऱ्हाईक परत येतं ते चवीनं आणि स्वच्छतेनंच.