निजण्याच्या खोलीतील हवा

दिवसाच्या चोवीस तासांपैकी सात-आठ तास माणूस एकाच खोलीत, बहुधा दारे-खिडक्या लावून, पडून असतो. तान्ही मुले तर याच्या दुप्पट वेळ निजलेली असतात. रस्त्यावरील धुळीविषयी व कारखान्यांच्या धुराविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु ज्या हवेत आपली रात्र जाते, तिच्यात काय मिसळलेले आहे याची चौकशी क्वचितच होते. झोप शांत व्हावी म्हणून घरात जे केले जाते, त्यातील काही गोष्टीच या हवेला बिघडवीत असतात.

डास पळवणाऱ्या वडीचे उदाहरण घेऊ. पावसाळा सुरू झाला की असंख्य भारतीय घरांत निजण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणजे ही वडी पेटवणे. वेटोळ्याच्या आकाराची ही वस्तू मूळची जपानची. पायरेथ्रम या शेवंतीच्या कुळातील झाडाच्या फुलांत कीटकांस मारक असे द्रव्य असते. त्या फुलांची पूड घालून उदबत्ती करण्याची कल्पना एइइचिरो उएयामा यांनी 1890 मध्ये अमलात आणली. ती सरळ कांडी सुमारे 40 मिनिटांत जळून जात असे. त्यांच्या पत्नी युकी यांनी वेटोळ्याचा आकार सुचवला, आणि 1902 पासून तशा वड्या विक्रीस आल्या. थोड्या जागेत पुष्कळ लांबी मावली व वडी जवळजवळ रात्रभर पुरू लागली. युक्ती चतुर खरी. मात्र तिच्याबरोबर धूरही रात्रभराचा झाला.

आजच्या वडीत फुलांच्या पुडीऐवजी बहुधा त्याच धर्तीवर कृत्रिम रीतीने बनवलेली द्रव्ये असतात, आणि त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी असते. बाकीचा भाग म्हणजे लाकडाचा भुसा, करवंटीची पूड, चिकटपणासाठी खळ आणि रंग. म्हणजे औषध चिमूटभर आणि सरपण ओंजळभर! चीन व मलेशिया येथील वड्या तपासून 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एक वडी पूर्ण जळाली म्हणजे तिच्यापासून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे वजन 75 ते 137 सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरते. फॉर्मल्डिहाइड हा दाहक वायू काही वड्यांतून 51 सिगारेटींइतका निघाला. हा धूर सगळाच छातीत जातो असे नाही. तो खोलीभर पसरतो. पण खोली बंद असेल, तर तो जाणार तरी कोठे?

अतिसूक्ष्म कण म्हणजे ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे असे कण. माणसाचा केस यांच्या वीसपट तरी जाड असतो. नाकातील केसांना व घशातील ओलाव्याला चुकवून हे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. भारतात 2009 मध्ये ठरवलेल्या मानकानुसार, बाहेरच्या एक घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने ते 60 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही मर्यादा 15 वर आणली. तीन मीटर लांब, तितकीच रुंद व उंच अशा खोलीत 27 घनमीटर हवा मावते. भारतीय मर्यादेनुसार त्या सबंध हवेत मिळून हे कण सुमारे दीड मिलिग्रॅम भरतात. बारीक मिठाचे पंचवीस-तीस कण तळहातावर घेतले, तर त्यांचे वजन साधारण तितकेच होईल.

धुराशी आपले नाते मात्र जुने व ममतेचे आहे. महाराष्ट्रात न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाला ओवा, वावडिंग, ऊद यांची धुरी देण्याची चाल आहे. त्यामागची माया कोणी नाकारणार नाही. परंतु सुगंधी धूर हाही धूरच होय, आणि महिन्याभराच्या बाळाची फुप्फुसे अजून घडत असतात. अंगाई व उबदार दुपटे एवढ्याने त्याची झोप पुरेशी गोड होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वयंपाकघराचा धूर याहून कितीतरी मोठा. लाकूडफाटा व शेणी यांवर चालणारी चूल आणि निजण्याची जागा पुष्कळ घरांत एकच असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शेकडा 58.6 कुटुंबे स्वच्छ इंधन वापरताना आढळली. खेड्यांत हे प्रमाण 43.2 होते. घरातील धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभर सुमारे 32 लाख मृत्यू ओढवले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील मुले 2 लाख 37 हजारांहून अधिक होती.

उत्तरेकडील थंडीत बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून निजण्याचा प्रकार तर सर्वांत घातक. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने बांधला जातो. गुदमरल्याची जाणीव न होताच माणसाची शुद्ध हरपते. निजण्यापूर्वी अंगीठी बाहेर ठेवणे, याला दुसरा पर्याय नाही.

इतर गोष्टी थोडक्यात सांगता येतील. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्यामुळे जुना रंग कोरडाच खरवडू नये. तो भिजवून काढावा व त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तपेशी त्यातील नॅफ्थलीनने फुटतात. कुंडीतल्या झाडांनी हवा शुद्ध होते ही समजूत 1989 मधील एका अमेरिकी प्रयोगानंतर फार फैलावली. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता. राहत्या घरात तेवढा परिणाम घडवायचा, तर दर चौरस मीटर जमिनीमागे निदान दहा झाडे लागतील, असे पुढील संशोधकांनी हिशेबाने दाखवले. त्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणे सोपे. गंगेच्या मैदानातील शहरांत हिवाळ्यात मात्र त्या सकाळी न उघडता दुपारी उघडाव्यात. त्या वेळी बाहेरचा धूर वर विरलेला असतो.

डासांचा प्रश्न वर अर्धवट सोडला होता. वडी टाकून दिली आणि तिच्या जागी काहीच केले नाही, तर हिवतापाशी गाठ पडेल. तेव्हा मच्छरदाणी हवीच. ती अंथरुणाला सर्व बाजूंनी पुरेल एवढी मोठी असावी, म्हणजे झोपेत हातपाय जाळीला टेकत नाहीत. टेकले, तर डास बाहेरूनच चावतो. कडा गादीखाली खोवण्याचे काम दिवेलागणीपूर्वीच उरकावे, आणि भोके त्याच दिवशी शिवावीत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. म्हणून दुपारी निजणाऱ्या बाळावरही जाळी घालावी, व पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत. खिडक्यांनाही जाळी बसवली, तर त्या रात्रभर उघड्या ठेवता येतात.